माय फेव्हरिट ब्लाँड

माय फेव्हरिट ब्लाँड : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॉलिवुडमध्ये निर्माण झालेला, हेरकथापटांचे विडंबन करणारा प्रसिद्ध अमेरिकन विनोदी बोलपट (१९४२). निर्मिती पॅरामाउंट पिक्चर्स या संस्थेची. दिग्दर्शक सिडनी लॅनफील्ड (१८९८–१९७२). मूळ कथा मेल्व्हिन फ्रँक व नॉर्मन पॅनॅमा यांची, तर पटकथा डॉन हार्टमन आणि फ्रँक बटलर यांची. प्रमुख भूमिका बॉब होप (१९०३–२००३) आणि मॅडलिन कॅरल (१९०६–८७) यांच्या असून गेल सॉन्डरगार्ड व जॉर्ज झुको हे शत्रुपक्षाच्या हेरांच्या भूमिकांत आहेत. सु. ७८ मिनिटांच्या या कृष्णधवल बोलपटाच्या नावाचा अर्थ ‘माझी आवडती सोनेरी केसांची स्त्री’ असा होतो. हे नाव केवळ कथानकातील नायिकेला उद्देशून नाही. ही भूमिका करणारी अभिनेत्री खऱ्या हेरकथापटांची नायिका म्हणून प्रेक्षकांना आधीच परिचित होती व तिच्या त्या कीर्तीवरच या बोलपटातील विडंबनाची उभारणी झालेली आहे.

ज्याचे विडंबन करावयाचे, त्या मूळ प्रकाराची ओळख असल्याशिवाय विडंबनाचे मर्म कळत नाही. गंभीर हेरकथापटाचा एक विशिष्ट घाट अल्फ्रेड हिचकॉक (१८९९–१९८०) याने १९३० नंतरच्या दशकात इंग्‍लंडमध्ये सिद्ध केला. जॉन बकनच्या १९१५ मधील कादंबरीवरून त्याने दिग्दर्शित केलेला द थर्टीनाइन स्टेप्स (१९३५) हा त्याचा नमुना होय. हेरगिरीशी काडीचाही संबंध नसलेला हॅने नावाचा गृहस्थ लंडनमधील एका करमणुकीच्या थिएटरात जातो. तेथे भेटलेली एक अनोळखी स्त्री त्याच्या घरी आश्रय मागते व रात्रीतून तिचा खून होतो. मरतेसमयी तिने सांगितलेल्या अर्धवट माहितीच्या आधारे तो स्कॉटलंडकडे धाव घेतो. खुनाचा आळ आल्यामुळे पोलीस त्याच्या मागे असतात आणि रहस्य फुटू नये म्हणून शत्रूचे हेरही मागे असतात. हा दुहेरी पाठलाग, आगगाडीतील लपाछपी, वरकरणी प्रतिष्ठित दिसणारा खलपुरुष आणि नायकावर विश्वास न ठेवणारी परंतु योगायोगाने त्याच्याशी अक्षरशः बेडीने जखडली गेलेली सोनेरी केसांची तरुणी, ही या घाटाची ठळक अंगे. ती तरुणी मॅडलिन कॅरलने रंगविली होती. बकनच्या कादंबरीत अशी नायिका नाही. ती चित्रपटासाठी निर्माण करण्यात आली. पुढे हिचकॉकच्या चित्रपटांत वारंवार दिसणाऱ्या संयत, सोनेरी केसांच्या नायिकांची परंपरा कॅरलपासून सुरू झाली, असे सामान्यतः मानले जाते. सीक्रेट एजंट (१९३६) या त्याच्या पुढील हेरकथापटातही तीच नायिका होती.

माय फेव्हरिट ब्लाँडचे कथानक हाच घाट अमेरिकेत आणून बसविते. कॅरन बेंटली ही ब्रिटिश गुप्तहेर खात्यातील स्त्री जहाजाने न्यूयॉर्कला येते. अमेरिकेतून ब्रिटनकडे जावयाच्या बाँबफेकी विमानांच्या उड्डाणासंबंधीचा गुप्त संदेश विंचवाच्या आकाराच्या एका बिल्ल्यात दडविलेला असून तो लॉस अँजेल्सला पोहोचविणे आवश्यक असते. तिचा सहकारी मारला जातो आणि ही कामगिरी एकट्या कॅरनवर येऊन पडते. मागावर असलेल्या हेरांना चुकविण्यासाठी ती एका थिएटरात शिरते. तेथे लॅरी हेन्स हा दुय्यम दर्जाचा विनोदी नट पर्सी नावाच्या शिकविलेल्या पेंग्विन पक्ष्याला घेऊन खेळ करीत असतो. चित्रपटात काम करण्यासाठी हॉलिवुडचे बोलावणे आलेले असते, पण ते पेंग्विनला. लॅरी हा त्याच्या सोबतीला जाणारा माणूस. तो पश्चिम किनाऱ्याकडेच निघाला आहे हे कळताच कॅरन त्याला गाठते आणि विंचवाचा बिल्ला त्याच्या नकळत त्याच्या कोटाच्या कॉलरखाली अडकविते. तेथून पुढे न्यूयॉर्क ते शिकागो व शिकागो ते लॉस अँजेल्स असा पाठलाग चालतो. शिकागो येथे ज्याच्याशी संपर्क साधावयाचा तो मनुष्य मृतावस्थेत आढळतो, खुनाचा आळ लॅरीवर येतो आणि शत्रूचे हेर व पोलीस असा दुहेरी ससेमिरा सुरू होतो. अखेरीस बिल्ला योग्य हाती पडतो.

वरील सारांशावरून हे कथानक कोणत्याही गंभीर हेरकथापटाला शोभण्यासारखे आहे, असे दिसेल. लेखक-दिग्दर्शकांनी हे जाणीवपूर्वक साधले आहे आणि या बोलपटाच्या यशाचे मुख्य कारणही त्यातच आढळते. सामान्य विडंबनकार मूळ प्रकारातील प्रत्येक घटकाची अतिशयोक्ती करतो, परिणामी खलपुरुष हास्यास्पद ठरतात, धोका खोटा वाटू लागतो आणि विनोदाला विरोध करणारे काहीच उरत नाही. येथे तसे झालेले नाही. सॉन्डरगार्डने रंगविलेली मादाम स्टेफनी रुनिक व झुकोचा डॉ. ह्यूगो स्ट्रेगर हे हेर थंडपणे खून करणारे आहेत. त्या दोघांपैकी कोणीही हसविण्याचा प्रयत्न करीत नाही. काळोखे जिने, धुके, अर्धवट उघडलेली दारे यांचे चित्रणही गंभीर रहस्यपटाच्या पद्धतीने केलेले आहे. दिग्दर्शक लॅनफील्ड याने तीनच वर्षांपूर्वी शेरलॉक होम्सची कथा असलेला द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स (१९३९) हा रहस्यपट केला होता, तर झुकोने त्याच मालिकेतील पुढच्या चित्रपटात होम्सचा प्रतिस्पर्धी प्रोफेसर मॉरिआर्टी रंगविला होता. भयाचे वातावरण कसे उभारावे हे या मंडळींना चांगले अवगत होते. त्यांनी बदलला तो केवळ मध्यावरचा माणूस. हॅने हा गोंधळलेला असला, तरी धीट आणि हजरजबाबी. लॅरी हेन्स हजरजबाबी, परंतु भित्रा. धैर्याची जागा बडबडीने भरून काढणे हा त्याचा स्वभाव आहे. संकट जितके मोठे, तितकी त्याची बडबड वाढते आणि प्रेक्षक हसत असतानाच संकट खरे आहे याची जाणीवही त्याला राहते.

दुसरा बदल स्त्रीपुरुषांच्या संबंधात आहे व तो अधिक सूक्ष्म म्हणावा लागेल. द थर्टीनाइन स्टेप्समध्ये नायक नायिकेला तिच्या इच्छेविरुद्ध डोंगरदऱ्यांतून फरफटत नेतो. रहस्य त्याला ठाऊक असते, तिला नसते. माय फेव्हरिट ब्लाँडमध्ये ही जोडी उलटी केलेली आहे. कामगिरी कॅरनची, योजना तिच्या, निर्णयही तिचेच. लॅरीला आपण काय वाहून नेत आहो हे बराच काळ समजत नाही आणि समजल्यावर तो पळ काढण्याची भाषा करतो. ज्या अभिनेत्रीला सात वर्षांपूर्वी बेडीने ओढले गेलेले प्रेक्षकांनी पाहिले होते, तीच आता पुरुषाला ओढून नेत आहे, ही गंमत मूळ चित्रपट पाहिलेल्यांना अधिक भावत असणार. कॅरलने भूमिकेचा गांभीर्याचा बाज शेवटपर्यंत सोडलेला नाही. तिने विनोद करण्याचा प्रयत्न केला असता, तर होपचा विनोद निम्म्याने कमी झाला असता.

प्रसंगरचनेत शिकागोच्या घरातील प्रसंग सर्वांत उत्तम साधला आहे. बाहेर हेर दबा धरून बसलेले असताना सुटकेचा मार्ग म्हणून दोघे भांडकुदळ नवराबायकोचे सोंग आणतात. आरडाओरडा व आदळआपट ऐकून पोलीस येतात आणि शांतताभंगाबद्दल त्यांना आपल्या पहाऱ्यात सुखरूप घराबाहेर नेतात. गर्दीच्या वा पोलिसांच्या देखत स्वतःला मुद्दाम पकडवून घेऊन शत्रूच्या तावडीतून निसटणे ही युक्ती गंभीर हेरकथापटांतही शोभून दिसते. हिचकॉकनेच पुढे नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट (१९५९) या चित्रपटात लिलावगृहातील प्रसंगी तिचा उपयोग केला आहे. शिकागोनंतरच्या भागात मात्र पटकथेची वीण सैल होते. मालट्रकचालकांच्या संघटनेची सहल, आगगाडी, विमान अशा प्रसंगांची केवळ मालिका उरते आणि एका प्रसंगातून दुसरा निघण्याऐवजी तो शेजारी येऊन बसतो. सहलीच्या प्रसंगात गायक-नट बिंग क्रॉझ्बी क्षणभर दिसतो व होपला रस्ता दाखवितो. होप पुढे जातो, थबकतो, वळून पाहतो आणि हे शक्य नाही अशी मनाची समजूत घालून चालू लागतो. या दोघांनी रोड टू सिंगापूर (१९४०) पासून एकत्र केलेल्या चित्रपटांमुळे प्रेक्षकांना ही ओळख पटण्यास क्षणाचाही वेळ लागला नसेल.

बॉब होपचा जन्म इंग्‍लंडमधील एल्टम येथे झाला. १९०८ मध्ये त्याचे कुटुंब अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे स्थायिक झाले. गाणी, नाच, नकला, कसरती व शिकविलेले प्राणी यांचे मिश्र प्रयोग करणाऱ्या ‘व्होडव्हिल’ या रंगभूमीवर त्याची उमेदवारी झाली. बोलपट व नभोवाणी यांच्या प्रसारामुळे ही रंगभूमी १९३० नंतर झपाट्याने लयाला गेली आणि तिच्यावरील अनेक कलावंत त्या नव्या माध्यमांकडे वळले. पेंग्विनच्या मागोमाग हॉलिवुडला निघालेला लॅरी हेन्स हे त्या स्थलांतराचेच एक विनोदी चित्र होय. होप स्वतः नभोवाणीवर गाजला. १९३८ पासूनच्या त्याच्या कार्यक्रमात लेखकांच्या एका ताफ्याने लिहून दिलेले विनोद तो अतिशय वेगाने फेकीत असे. पॅनॅमा व फ्रँक हे त्या ताफ्यातीलच तरुण लेखक असून माय फेव्हरिट ब्लाँडपासून त्यांच्या चित्रपटलेखनाचा आरंभ झाला. मॅडलिन कॅरलविषयीचे आपले आकर्षण हा होपने नभोवाणीवर नेहमीचा थट्टेचा विषय करून ठेवला होता, त्यामुळे या दोघांना एकत्र पाहण्याची उत्सुकता श्रोत्यांत आधीच निर्माण झालेली होती. द कॅट अँड द कॅनरी (१९३९) व द घोस्ट ब्रेकर्स (१९४०) या भयविनोदी चित्रपटांत होपची भित्र्या नायकाची भूमिका घडली आणि हेरकथेच्या चौकटीत ती परिपक्व झाली.

चित्रपटाच्या पार्श्वभूमीची घटना कपोलकल्पित असली, तरी निराधार नव्हती. लॉकहीड कंपनीच्या लॉस अँजेल्सनजीकच्या बरबँक येथील कारखान्यात ब्रिटनसाठी हडसन जातीची बाँबफेकी विमाने तयार होत होती व नोव्हेंबर १९४० पासून ती अटलांटिक महासागरावरून थेट उडवीत नेण्यास आरंभ झाला होता. जर्मन पाणबुड्यांमुळे जहाजांची हानी मोठी होत असल्याने या हवाई मार्गाचे महत्त्व फार होते. अमेरिकेतील जर्मन हेरांचाही सुळसुळाट काल्पनिक नव्हता. जून १९४१ मध्ये फ्रेडरिक ड्यूकेन याच्या नेतृत्वाखालील मोठी हेरटोळी पकडण्यात आली व तिच्यातील ३३ जणांना जानेवारी १९४२ मध्ये शिक्षा झाल्या. म्हणजे हा बोलपट पडद्यावर आला, त्याच्या काही आठवडे आधीच खऱ्या हेरांच्या शिक्षांच्या बातम्या प्रेक्षकांनी वाचल्या होत्या.

राजकीय वातावरणही लक्षात घ्यावयास हवे. अमेरिका डिसेंबर १९४१ पर्यंत युद्धात अधिकृतपणे सामील झालेली नव्हती. नाझीविरोधी चित्रपट काढून हॉलिवुड देशाला युद्धात ओढू पाहत आहे, असा आरोप काही सिनेटसदस्य करीत होते व सप्टेंबर १९४१ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे त्याची चौकशीही सुरू झाली. पर्ल हार्बरवरील हल्ल्याने ती आपोआप निकालात निघाली. त्यानंतर हेर आणि घातपाती यांच्यावरील चित्रपटांचा पूरच लोटला. एकट्या १९४२ मध्ये हिचकॉकचा सॅबोटूर, हंफ्री बोगार्टची भूमिका असलेला ऑल थ्रू द नाइट आणि व्याप्त पोलंडमधील नटमंडळी नाझींना चकवितात असे दाखविणारा अर्न्स्ट लुबिशचा टू बी ऑर नॉट टू बी हे चित्रपट प्रदर्शित झाले. यांपैकी सॅबोटूरशी माय फेव्हरिट ब्लाँडची तुलना उद्‌बोधक ठरते. दोन्ही चित्रपट १९४२ च्या वसंत ऋतूत आले, दोहोंत खोटा आळ आलेला निरपराध मनुष्य सोनेरी केसांच्या तरुणीसह अमेरिका ओलांडतो. एकात पश्चिमेकडून पूर्वेकडे, तर दुसऱ्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे. हिचकॉकचा घाट विडंबनकारांनी उचलला, त्याच सुमारास स्वतः हिचकॉकही तो गंभीरपणे अमेरिकेत रुजवीत होता. हिचकॉकच्या चित्रपटांत विनोद मुळातच भरपूर असल्याने या दोन प्रकारांतील सीमारेषा वाटते तितकी ठळक नाही. ज्या गुप्त वस्तूमागे सर्व पात्रे धावतात, परंतु जिच्या तपशिलाशी प्रेक्षकांना फारसे कर्तव्य नसते, अशा वस्तूला हिचकॉक ‘मॅकगफिन’ म्हणत असे. द थर्टीनाइन स्टेप्समध्ये ते रहस्य एका स्मरणपटूच्या डोक्यात असते. विंचवाचा बिल्ला भित्र्या नटाच्या कॉलरखाली असतो.

जून १९४२ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन सरकारच्या युद्धमाहिती कार्यालयाचा चित्रपट-विभाग हॉलिवुडच्या हेरकथांच्या सोसाबद्दल नाराज होता. गल्लोगल्ली हेर दाखविल्याने युद्धाची खरी कारणे बाजूला पडतात, असे या विभागाचे म्हणणे होते. हा आक्षेप गंभीर चित्रपटांना लागू पडतो, तितकाच विनोदी चित्रपटांनाही. माय फेव्हरिट ब्लाँडमध्ये नाझींच्या विचारसरणीविषयी जवळजवळ काहीच नाही. तथापि त्या वर्षी भरती होणाऱ्या लक्षावधी तरुणांपैकी बहुतेक जण हॅनेपेक्षा लॅरी हेन्सच्याच अधिक जवळचे होते, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. भीती वाटणे लाजिरवाणे नाही आणि भीत भीतही पुढे जाता येते, हे त्यांना उपदेशाशिवाय पाहावयास मिळाले. होपने मे १९४१ मध्ये कॅलिफोर्नियातील मार्च फील्ड या हवाईतळावर सैनिकांसाठी पहिला कार्यक्रम केला व नंतर जवळजवळ पन्नास वर्षे तो रणभूमीवरील छावण्यांतून कार्यक्रम करीत राहिला. अमेरिकन काँग्रेसने १९९७ मध्ये त्याला माजी सैनिकाचा सन्माननीय दर्जा दिला.

मॅडलिन कॅरलच्या दृष्टीने हे युद्ध पडद्यावरचे नव्हते. १९४० मध्ये लंडनवरील जर्मन हवाई हल्ल्यात तिची बहीण मरण पावली होती. तिने पॅरिसजवळची आपली हवेली अनाथ मुलांच्या आश्रयस्थानासाठी दिली. बर्मिंगहॅम विद्यापीठातून फ्रेंच विषयाची पदवी घेतलेली ही अभिनेत्री त्या काळी हॉलिवुडमधील अत्यंत लोकप्रिय तारकांपैकी होती. माय फेव्हरिट ब्लाँडनंतर मात्र ती युद्ध संपेपर्यंत पडद्यावर दिसली नाही. रेडक्रॉसच्या सेवेत दाखल होऊन १९४४ मध्ये तिने इटलीतील फोजा येथील लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. फ्रान्सने ‘लिजन ऑफ ऑनर’ व अमेरिकेने ‘मेडल ऑफ फ्रीडम’ देऊन तिचा गौरव केला. युद्धानंतर तिने मोजकेच चित्रपट केले व १९४९ च्या द फॅननंतर चित्रपटातून ती निवृत्त झाली. १९४२ मध्ये तिने नट स्टर्लिंग हेडन (१९१६–८६) याच्याशी विवाह केला. हेडनने जॉन हॅमिल्टन हे नाव धारण करून नौसैनिक दलात प्रवेश केला व अमेरिकेच्या युद्धकालीन गुप्तहेर संघटनेतर्फे युगोस्लाव्हियातील टिटोच्या सैनिकांना समुद्रमार्गे शस्त्रसामग्री पोहोचविली. विनोदी हेरकथेच्या नायिकेचा पती खोट्या नावाने खरी हेरगिरी करीत होता, असा हा योग. हा विवाह १९४६ मध्ये संपुष्टात आला.

या मंडळींपैकी दोघांची गाठ पुढे वेगळ्याच प्रकारच्या हेरशोधाशी पडली. कम्युनिस्टांचा हॉलिवुडमधील शिरकाव शोधण्यासाठी काँग्रेसच्या समितीने केलेल्या चौकशीत १९५१ मध्ये हेडनने साक्ष दिली व काही परिचितांची नावे सांगितली. याचा पश्चात्ताप त्याने पुढे उघडपणे व्यक्त केला. गेल सॉन्डरगार्डने (१८९९–१९८५) त्याच समितीपुढे उत्तरे देण्याचे नाकारले. साहाय्यक अभिनेत्रीसाठीचे पहिले ऑस्कर पारितोषिक (१९३६ च्या अँथनी ॲडव्हर्सबद्दल) मिळविलेल्या या नटीचे नाव बहिष्कृतांच्या यादीत गेले व सुमारे दोन दशके तिला चित्रपटांत काम मिळाले नाही.

बोलपटाला लोकप्रियता मिळाल्याने होपच्या अशा चित्रपटांची परंपराच सुरू झाली. दे गॉट मी कव्हर्ड (१९४३) मध्ये तो वॉशिंग्टनमधील हेरांच्या मागे लागलेला बातमीदार झाला. माय फेव्हरिट ब्रुनेट (१९४७) मध्ये खासगी गुप्तहेरांच्या चित्रपटांचे विडंबन असून नायिका डोरोथी लामूर होती, तर माय फेव्हरिट स्पाय (१९५१) मध्ये हेडी लामार. या शेवटच्या चित्रपटाचा, टे गार्नेटने दिग्दर्शित केलेल्या व १९४२ मध्येच आलेल्या त्याच नावाच्या दुसऱ्या चित्रपटाशी संबंध नाही. तिन्ही ‘फेव्हरिट’ चित्रपटांत कथासूत्र समान नसून केवळ होपचा भित्रा बढाईखोर नायक समान आहे. विनोदी नट-दिग्दर्शक वुडी ॲलन याने आपल्या अभिनयावरील होपचे ऋण वेळोवेळी मान्य केले असून त्याच्या लव्ह अँड डेथ (१९७५) मधील रणांगणावरचा नायक पाहिला असता ते सहज लक्षात येते. स्वामित्वहक्काचे नूतनीकरण न झाल्यामुळे माय फेव्हरिट ब्रुनेट सर्वत्र मुक्तपणे दाखविला जाऊ लागला व नव्या पिढीतील पुष्कळ प्रेक्षकांना होपच्या या प्रकारच्या विनोदाचा परिचय त्याच चित्रपटातून झाला. रचनेच्या दृष्टीने मात्र त्याच्यापेक्षा माय फेव्हरिट ब्लाँड सरस आहे.